मिरगाच्या आधी सिलिकॉन मारणार असाल तर हे सगळं जमवून ठेवा

वळवाचे दोन पाऊस पडून गेले की बेळगावात घराघरात एकदम आठवतं, अरे गेल्या वर्षी खिडकीच्या कडेनं पाणी आत येत होतं की, आणि नेमका तेव्हाच मिस्त्री मिळत नाही, फोनवर उद्या येतो म्हणतो आणि त्याचा उद्या मिरग निघाला तरी येत नाही. सिलिकॉन, म्हणजे फटी बुजवायचा, वाळल्यावर रबरासारखा होणारा माल, घरच्या घरी मारता येतं, अवघड काय नाही, फक्त नळीतला माल दाबून काढायची गन हातात घ्यायच्या आधी बाकी सगळं जागेवर पाहिजे, कारण माल बाहेर आला की दहा-पंधरा मिनिटांत वर साय धरते आणि तेव्हा तुम्ही फडकं कुठं गेलं म्हणून शोधत बसलात तर झालंच.

आधी घरभर एक चक्कर मारून कुठं मारायचं ते बघा: बेसिन आणि भिंत, ओट्याचा ग्रॅनाईट आणि टाईल्सचा सांधा, खिडकीची चौकट बाहेरून. आणि कुठं मारायचं नाही तेपण. स्लायडिंग खिडकीच्या खालच्या पट्टीला बाहेरच्या अंगाला बारीक भोकं असतात, ती पाणी बाहेर जायला ठेवलेली असतात, लोक उत्साहात तीच बुजवतात आणि मग पाणी उलट घरात. स्लॅबमधून उतरणारी ओल, भिंतीतल्या पायपाची गळती, खानापूरकडच्या घरांचं फुटलेलं कौल, हे सिलिकॉनचं काम नव्हे, तिथं नळ्या ओतून पैसे घालवू नका.

मग दुकान. नुस्तं सिलिकॉन द्या म्हटलं की हाताला लागेल ती नळी मिळते, म्हणून वाचून घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास मारतं ते ॲसिटिक, काच आणि ग्लेझ टाईलला चालतं. पण आपल्याकडं कडप्पा आणि शहाबादी घरोघरी, दोन्ही चुनखडीचे दगड, त्यांना ॲसिड सोसत नाही, आरशाच्या मागच्या मुलाम्यालाही नाही, तिथं न्यूट्रल, म्हणजे तो आंबट वास नसलेलं, घ्यायचं, आणि दगडाला डाग पडतो काय ते आधी एका कोपऱ्यात लावून बघायचं. वरून रंग द्यायचा असेल तर सिलिकॉनऐवजी ॲक्रिलिक सीलंटची नळी, सिलिकॉनवर रंग धरतच नाही. न्हाणीसाठी बुरशीरोधक बघा. एक्सपायरी तर बघाच, जुनी नळी वाळतच नाही, चिकट राहते. 280 मिलीच्या नळीत 6 मिमी रुंद, तेवढीच खोल फट साधारण सात-आठ मीटर भरते, त्या हिशोबानं घ्या. गन घेताना मागं दांडा सोडवायची पट्टी आहे काय बघा, थांबल्यावर ती दाबली नाही तर माल आपला येतच राहतो. सोबत एक इंची मास्किंग टेप, कटर, हातमोजे, टिश्यू नाहीतर जुनी बनियनची फडकी भरपूर, आणि कचऱ्याला एक पिशवी. फट बोटाएवढी रुंद असेल तर आत दाबायला फोमची दोरी, नाहीतर सगळी नळी आतच जाते.

आता साफसफाई, आणि अर्धा दिवस हिलाच ठेवा. जुनं सिलिकॉन कटरनं पूर्ण काढायचं, पूर्ण म्हणजे पूर्ण, कारण नवीन सिलिकॉन जुन्यावर धरत नाही. काळी बुरशी असेल तर ब्लीचच्या पाण्यानं घासा, पण टॉयलेट क्लीनर त्यात मिसळू नका, विषारी वायू निघतो, आणि खिडकी उघडी ठेवा. नंतर धुऊन वाळवायचं. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचं, मोबाईल दुरुस्तीवाले वापरतात ते, ओट्यावरचं तेलकट त्यानं जातं. फटीत कोरडा टिश्यू घालून बघा, ओला आला तर आज मारायचं नाही. दिवस ठरवताना नळाला पाणी कधी येतंय तेपण बघा, ज्यांच्याकडं काही दिवसांनी पाणी येतं त्यांच्याकडं त्या दिवशी न्हाणीत कपडे-भांडी सगळंच निघतं, म्हणून ते आटपून वाळलं की मगच लागा, आणि पुढचे 24 तास तिथं पाणी नको असं घरात आधीच सांगून ठेवा, सासूबाईंना विशेष.

टेप फटीच्या दोन्ही बाजूला, मध्ये पाहिजे तेवढीच जागा. नोझल, म्हणजे नळीचं प्लास्टिकचं टोक, तिरकं, 45 अंशात कापा, भोक फटीपेक्षा जरा लहानच, मोठं कापलं तर परत लहान करता येत नाही. काही नळ्यांच्या तोंडाशी आत पडदा असतो तोपण फोडावा लागतो, नाहीतर लोक दाबून दाबून गन वाकडी करतात. पहिली धार भिंतीवर नको, टाईलचे दोन तुकडे काटकोनात ठेवून नाहीतर खोक्याच्या कोपऱ्यात हात बसवा, एका वेगानं ओढत जायचं, बस. फिरवायला ओलं बोट, साबणाच्या दोन थेंबांचं पाणी वाटीत जवळ ठेवा, पण ते पाणी सिलिकॉन मारायच्या आधी फटीत गेलं तर पकड गेली. बोट एकदाच फिरवायचं, पुसायचं, आणि वर साय धरायच्या आत टेप तिरकी ओढून काढायची.

उरलेल्या नळीच्या तोंडात एक लांब स्क्रू घालून ठेवा, पुढच्या वेळी तो ओढला की वाळलेला गोळा त्याच्याबरोबरच बाहेर येतो.