पहिलारू गाय धारेला लाथ मारायची, माझा अनुभव

निफाडला आमची पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच व्यालेली, एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) जातीची गाय, धारेला बसलं की लाथ, दोनदा बादली पालथी. आधी पाय बांधले, ओरडलोही, पण ती अजूनच बिथरायची अन् पान्हा चोरायची, जनावर घाबरलं की दूध कासेतच अडकतं आणि मग दगडीची (कास सुजून कडक होण्याच्या आजाराची) भीती. एकदा बॅटरी घेऊन नीट बघितलं तर दोन सडांना (आचळांना) बारीक चिरा, बिचारीला दुखत होतं हो! मग कोमट पाण्याने कास धुवून कोरडी पुसायची, अंगठा न दुमडता पूर्ण मुठीने धार काढायची, पान्हावली की ५-७ मिनिटांत उरकायचं, नंतर सडांना ग्लिसरीन. माणूस तोच, वेळ तीच, पुढ्यात थोडी सरकी पेंड. पंधरा दिवसांत शांत उभी राहायला लागली, आता पाय बांधत नाही.