इराणी सैन्याच्या अभ्यासासाठी झेनोफन कसा वाचावा

प्राचीन इराणच्या हखामनी सम्राटांचे सैन्य प्रत्यक्षात कसे चालत होते, हे जाणून घेऊ इच्छिणाऱ्या वाचकापुढे पहिलीच अडचण उभी राहते ती साधनांची. दारयवहूचा बेहिस्तून येथील शिलालेख बंडांची आणि लढायांची जंत्री देतो, परंतु घोडदळ रात्री तळ कोठे टाकत असे, हे त्यातून कळत नाही. अशा गोष्टी सांगतो तो झेनोफन हा अथेन्सचा ग्रीक, जो इराणी राजपुत्राच्या पदरी भाडोत्री फौजेबरोबर गेला आणि त्याच इराणी सैन्याशी झुंजत परत आला. त्याचे लेखन मोलाचे आहे, मात्र ते सरसकट खरे मानून वाचले तर फसगत होते आणि सरसकट खोटे मानले तर हाती काहीच उरत नाही.

वाचनास बसण्यापूर्वी त्याच्या आयुष्याचा आराखडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. जन्म सुमारे इ.स.पू. ४३० मधला, तरुणपणी सॉक्रेटिसचा सहवास. इ.स.पू. ४०१ मध्ये प्रोक्सेनस या मित्राच्या बोलावण्यावरून तो पश्चिम आशिया मायनरमधील सार्डिसला धाकटा सायरस या इराणी राजपुत्राकडे गेला. सायरसला आपला भाऊ, सम्राट आर्टाझर्क्सीज, याचे सिंहासन हवे होते. बाबिलोनजवळ कुनाक्सा येथे सायरस मारला गेला, पुढे टिसाफर्नीस या क्षत्रपाने, म्हणजे प्रांताच्या अधिपतीने, ग्रीक सेनापतींना बोलणीसाठी बोलावून पकडले, आणि नव्या नायकांत झेनोफनची निवड झाली. (क्षत्रप हा शब्द आपल्याला नहपानामुळे आणि नाशिकच्या लेण्यांमुळे परिचित आहे. त्याचे मूळ इराणी राज्यकारभारातच आहे.) नंतर तो स्पार्टाचा राजा अगेसिलाउस याच्याबरोबर राहिला, अथेन्समधून हद्दपार झाला आणि ऑलिंपियाजवळ स्किलस येथे स्पार्टाने दिलेल्या जमिनीवर अनेक वर्षे राहिला. हे सारे ध्यानात ठेवण्याचे कारण असे की, तो स्पार्टाचा स्नेही, घोड्यांचा जाणकार आणि सायरसचा चाहता होता, आणि या तिन्ही गोष्टी त्याच्या प्रत्येक पानावर उमटलेल्या आहेत.

सुरुवात 'अनाबासिस'पासून, म्हणजे याच मोहिमेच्या आणि परतीच्या त्याने लिहिलेल्या वृत्तांतापासून, करावी. डाकिन्स यांची जुनी इंग्रजी भाषांतरे प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मोफत मिळतात. सात भागांपैकी इराणी सैन्यासाठी पहिले चार भाग महत्त्वाचे आहेत. उरलेले काळ्या समुद्राच्या किनाऱ्याचे आणि थ्रेसचे असल्याने ते मागाहून वाचले तरी चालतात.

वाचताना प्रत्येक विधानापुढे एकच प्रश्न लिहावा: हे त्याने पाहिले, की ऐकले? पहिल्या भागातील सातव्या आणि आठव्या प्रकरणांवर ही पद्धत लावून पाहिली की तिचे मोल लगेच कळते. आर्टाझर्क्सीजकडे १२,००,००० सैनिक होते, असे तेथे येते. परंतु ही माहिती शत्रूकडून फुटून आलेल्यांनी दिली, असे झेनोफन स्वतःच नोंदवतो. राजाचा वैद्य क्टेसियस त्या लढाईत राजाच्या बाजूला हजर होता, आणि त्याने दिलेला आकडा ४,००,००० असल्याचे नंतरचा ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो. तोही विश्वासार्ह मानता येत नाही. इतक्या माणसांना आणि जनावरांना पुरेल एवढे धान्य आणि पाणी एका वाटेवर पुरवणे अशक्यच होते. याउलट ग्रीकांची स्वतःची गणना, म्हणजे १०,४०० ढालधारी आणि २,५०० हलके सैनिक, ही तळावर झालेल्या मोजणीची आहे, म्हणून ती स्वीकारण्यास हरकत नाही. सायरसच्या मृत्यूचे वर्णनही ऐकीव आहे. तेथे झेनोफन क्टेसियसचे नाव घेतो, आणि सायरस पडल्याचे ग्रीकांना दुसऱ्या दिवशी सकाळी कळले हेही लपवत नाही.

पाहिलेल्या गोष्टी मात्र अपूर्व आहेत. दुपारी क्षितिजावर पांढऱ्या ढगासारखी उठलेली धूळ, मग मैदानभर पसरलेला काळा पट्टा, आणि शेवटी पितळी शस्त्रांची चमक, हा क्रम केवळ डोळ्यांनी पाहणाराच लिहू शकतो. तिसऱ्या भागातील तिसरे आणि चौथे प्रकरण तर दोनदा वाचावे. इराणी घोडदळ संध्याकाळ होताच ग्रीकांपासून ६० स्टेडिया, म्हणजे सुमारे ११ किलोमीटर, दूर जाऊन तळ टाकत असे. कारण रात्री घोडे बांधलेले आणि बहुधा पायबंद घातलेले असत. अचानक हल्ला झाल्यास अंधारात खोगीर, लगाम आणि चिलखत चढवणे कठीण जाई. या एका वाक्यातून त्या घोडदळाची ताकद आणि तिची मर्यादा एकत्र दिसते, आणि लाखांच्या आकड्यांपेक्षा मला ते कितीतरी अधिक मोलाचे वाटते.

यानंतर साक्षी जुळवाव्यात. ग्रीकांच्या या माघारीचे जे वर्णन नंतरचा ग्रीक इतिहासकार डिओडोरस देतो, त्यात झेनोफन थ्रेसमध्ये पोहोचेपर्यंत जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे स्वतःच्या नेतृत्वाविषयीचे त्याचे लेखन जपून घ्यावे. इराणी बाजूसाठी पर्सेपोलिस या हखामनी राजधानीत सापडलेल्या मातीच्या लेखपाट्या आणि बाबिलोनियातील 'धनुष्य-जमिनी'चे करार पाहावेत. त्या करारांत सैनिकी सेवेच्या बदल्यात जमीन दिलेली दिसते, म्हणजे ज्या व्यवस्थेतून ही फौज उभी राहिली तिचा पाया तेथे सापडतो.

'सायरोपीडिया' सर्वांत शेवटी हाती घ्यावा. हखामनी साम्राज्याचा संस्थापक थोरला सायरस याचे झेनोफनने लिहिलेले हे चरित्र इतिहास म्हणून वाचू नये. आधीचा ग्रीक इतिहासकार हेरोडोटस याच्या मते मसागेटी या भटक्या टोळीशी लढताना मेलेला सायरस येथे मुलांना उपदेश करत शांतपणे मरतो. तरीही कवायत, रसद, निरोपाचे घोडे यांविषयीचा मजकूर टिपून ठेवावा, कारण त्यामागे लेखकाने आशियात जे अनुभवले त्याची छाया आहे.

एक जोडी मात्र आवर्जून शेजारी ठेवून वाचावी. झेनोफनच्या 'हेलेनिका' या ग्रीक इतिहासाच्या तिसऱ्या भागातील चौथ्या प्रकरणात ग्रीक आणि इराणी स्वारांची चकमक येते. तीत ग्रीकांचे भाले घाव घालताच मोडले, तर इराण्यांनी कॉर्नेलच्या टणक लाकडाच्या फेकभाल्यांनी १२ माणसे आणि २ घोडे मारले. मग त्याचे अश्वविद्येवरील छोटे पुस्तक उघडून शेवटचे, बारावे प्रकरण काढावे. ग्रीक स्वाराने लांब दांड्याचा भाला सोडून कॉर्नेलचे दोन फेकभाले बाळगावेत, असा सल्ला तेथे झेनोफन देतो.