मज्जातंतूवेदनेची प्रश्नावली फारसीत आणताना

मज्जातंतूंच्या बिघाडातून उद्भवणारी वेदना ओळखण्यासाठी वापरली जाणारी ‘डीएन४’ ही प्रश्नावली २००५ मध्ये फ्रेंच संशोधकांनी प्रसिद्ध केली. तिच्यातील चार प्रश्नांत मिळून दहा बाबी आहेत. त्यांपैकी सातांची उत्तरे रुग्ण देतो, तर उरलेल्या तीन बाबी डॉक्टर स्पर्श करून, टोचून आणि ब्रश फिरवून तपासतात. प्रत्येक ‘होय’ला एक गुण मिळतो आणि चार किंवा अधिक गुण झाल्यास वेदना मज्जातंतूजन्य असावी असे धरले जाते.

मूळ हक्कधारकांची परवानगी घेतल्यावर कोणत्या फारसीसाठी काम करायचे हे आधी ठरवावे, कारण इराणची फारसी, अफगाणिस्तानात बोलली जाणारी ‘दरी’ फारसी आणि सिरिलिक लिपीत लिहिली जाणारी ताजिक यांना एकच मसुदा चालेल असे गृहीत धरता येत नाही. त्यानंतर फारसी मातृभाषा असलेल्या दोन अनुवादकांनी, शक्यतो एक वैद्यकशास्त्र जाणणारा आणि एक न जाणणारा, स्वतंत्रपणे अनुवाद करावा आणि दोन्ही मसुदे समोरासमोर ठेवून एक करावेत.

खरी कसोटी लागते ती संवेदनांच्या शब्दांपाशी. ‘सूझेश’ हा जळजळीसाठी सहज सुचणारा शब्द डोळ्यांची किंवा लघवीची आग सांगतानाही वापरला जातो. म्हणून तो रुग्णाला नेमका कसा वाटतो ते विचारून घ्यावे. त्याहून अवघड जोडी म्हणजे मुंग्या येणे आणि सुया टोचल्यासारखे वाटणे. मूळ प्रश्नावलीत या दोन वेगळ्या बाबी आहेत आणि फारसीत त्यांच्यासाठी ‘गेझगेझ’ व ‘सूझन सूझन’ असे शब्द आहेत. परंतु रुग्ण दोन्ही शब्द एकाच अनुभवासाठी वापरत असेल, तर एकाच संवेदनेचे दोन गुण मोजले जातील. मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या व्यक्तींकडून उलट अनुवाद, म्हणजे फारसीतून परत मूळ भाषेत अनुवाद, करून घेणे आवश्यक आहेच, पण ही चूक त्यात दिसत नाही, कारण शब्द तर बरोबरच परत येतात.

ती दिसते रुग्णांसमोर. तज्ज्ञांच्या समितीने मान्य केलेला मसुदा तीस-चाळीस रुग्णांना द्यावा आणि प्रत्येक बाबीनंतर ‘यातून तुम्हांला काय समजले?’ असे विचारून उत्तर त्यांच्याच शब्दांत टिपावे. ‘वेदनादायक थंडपणा’ याचा अर्थ कोणी ‘थंडीत दुखणे वाढते’ असा सांगितला, तर वाक्य बदलावे. रुग्णाला समजावत बसू नये.

प्रमाणीकरणासाठी, म्हणजे प्रश्नावली खरोखर योग्य ओळख करते का हे तपासण्यासाठी, मज्जातंतूजन्य आणि इतर कारणांची वेदना असलेले असे दोन्ही गट हवेत, आणि निदान करणाऱ्या डॉक्टरांना प्रश्नावलीचे गुण ठाऊक नसावेत. गुणांची स्थिरता पाहण्यासाठी काही रुग्णांना ती पुन्हा द्यावी. मधले अंतर उत्तरे विसरण्याइतके मोठे, पण वेदना बदलणार नाही इतके लहान ठेवावे. प्रश्नावलीतील बाबी एकमेकींशी किती जुळतात हे सांगणाऱ्या क्रोनबाखच्या अल्फा या आकड्यावर मात्र फार भिस्त ठेवू नये, कारण या प्रश्नावलीचे काम दोन गट वेगळे ओळखण्याचे आहे.

मूळ अभ्यासात चार गुणांच्या सीमेवर संवेदनशीलता (मज्जातंतूजन्य वेदना असलेल्यांपैकी बरोबर ओळखल्या गेलेल्यांचे प्रमाण) सुमारे ८३ टक्के आणि विशिष्टता (तशी वेदना नसलेल्यांपैकी बरोबर वगळल्या गेलेल्यांचे प्रमाण) सुमारे ९० टक्के आढळली होती. फारसी आवृत्तीसाठी हीच सीमा आयती न स्वीकारता प्रत्येक संभाव्य सीमेवर ही दोन्ही प्रमाणे कशी बदलतात हे दाखवणारा आरओसी वक्र काढावा, आणि वेगळी सीमा सरस ठरली तर दोन्ही सीमांचे आकडे अहवालात द्यावेत.