इंग्रजी शिकण्यासाठी डिक्शनरी कशी निवडावी

दुकानात ‘चांगली इंग्रजी डिक्शनरी द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा दोहोंपैकी एक वस्तू हातात पडते: जाडजूड ठोकळा, नाहीतर खिशात मावणारी इंग्रजी-मराठी. शिकणाऱ्याला दोन्ही कमीच उपयोगाच्या. ठोकळा लिहिलेला असतो इंग्रजी मातृभाषा असलेल्यांसाठी, आणि खिशातली फक्त अर्थ सांगून गप्प बसते. तुम्हाला हवी असते लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम केलेला कोश. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. तिथे सहकाऱ्यांसोबत त्यांनी केलेला असा कोश १९४२ साली टोकियोत छापला गेला, आणि तोच पुढे ‘ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ या नावाने जगभर पोचला.

१. पातळी ठरवा

मराठी माध्यमातल्या शाळकरी मुलाला इंग्रजी-इंग्रजी-मराठी द्या. दहावी झालेल्याला ‘इंटरमीजिएट’ पातळीची. इंग्रजी वर्तमानपत्र अडखळत का होईना वाचता येत असेल, तर थेट ‘अ‍ॅडव्हान्स्ड’. ‘मराठी अर्थाकडे बघूच नका’ असं सांगणाऱ्यांचं मुळीच ऐकू नका. झाड, पक्षी, आजार, अवजार यांची चार ओळींची इंग्रजी व्याख्या वाचण्यापेक्षा एक मराठी शब्द लगेच काम भागवतो.

२. व्याख्या वाचून बघा

तुम्हाला पक्का माहीत असलेला शब्द काढा. त्याची व्याख्या त्या शब्दापेक्षा अवघड निघाली, तर पुस्तक परत फळीवर. लाँगमनच्या कोशाने १९७८च्या पहिल्या आवृत्तीपासून व्याख्यांसाठी साधारण २००० सोप्या शब्दांची मर्यादा पाळली. १९८७ साली आलेल्या कॉलिन्स कोबिल्डमध्ये तर अर्थ पूर्ण वाक्यात सांगितलेला असतो, त्यामुळे शब्द वाक्यात कसा बसतो तेही दिसतं.

३. क्रियापदांची नोंद तपासा

खरी निवड इथे होते, आणि नेमकी हीच पायरी सगळे गाळतात. मलाही हिचं महत्त्व उशिराच कळलं. शब्दाचा अर्थ कळला म्हणजे शब्द आला, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे. अर्थ पाठ असूनही वाक्य चुकतं, कारण आपण इंग्रजी शब्द मराठी वाक्याच्या घडणीत बसवतो.

दुकानात जाताना तीन क्रियापदं लक्षात ठेवून जा: सजेस्ट, डिस्कस, एक्सप्लेन. मराठीत ‘त्याने मला जायला सुचवलं’ हे बरोबर, म्हणून आपण ‘ही सजेस्टेड मी टू गो’ म्हणतो. चूक. ‘विषयावर चर्चा केली’ म्हणून ‘डिस्कस्ड अबाउट’. हेही चूक. ‘मला समजावून सांग’ म्हणून ‘एक्सप्लेन मी’. तेही चूकच. चांगली डिक्शनरी तुम्हाला इथे अडवते. सजेस्टच्या नोंदीत ‘सजेस्ट डूइंग समथिंग’, ‘सजेस्ट समथिंग टू समबडी’ असे साचे ठळक अक्षरांत छापलेले दिसले पाहिजेत, आणि त्यांच्याखाली उदाहरणाची वाक्यं. साचे नाहीत, नुसतं ‘सुचवणे’ एवढंच आहे? मग ती घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी. नोंदीत कुठे ‘डिस्कस अबाउट म्हणू नये’ अशी चौकटीतली सूचना सापडली, तर समजा की कोश करणाऱ्याने शिकणाऱ्यांची वाक्यं खरोखर तपासलेली आहेत.

मग एक नाम बघा: अ‍ॅडव्हाइस. मराठीत सल्ले देता येतात, म्हणून इंग्रजीतही आपण ‘अ‍ॅडव्हाइसेस’ देतो. लर्नर्स डिक्शनरीत या शब्दापुढे ‘यू’ हे अक्षर किंवा ‘अनकाउंटेबल’ अशी खूण असते. याचा अर्थ: अनेकवचन करू नका, आधी ‘अ‍ॅन’ लावू नका. इन्फर्मेशन, फर्निचर, लगेज यांचंही तसंच. ही खूण ज्या कोशात नाही तो शिकण्यासाठी बाद. आणि उदाहरणवाक्यांत कंजूषी करणारा कोशही बादच. व्याख्या विसरली तरी चालेल, पण वाक्य लक्षात राहिलं पाहिजे.

भाषांतराचं अ‍ॅप यातलं बहुतेक काही दाखवत नाही. म्हणून ‘फोन आहे की, डिक्शनरी कशाला’ हा सल्ला मला मान्य नाही.

४. उच्चार

देवनागरीत उच्चार देणाऱ्या कोशावर विसंबू नका. व्ही आणि डब्ल्यू या दोन्ही अक्षरांसाठी तिथे बऱ्याचदा ‘व’च येतो, त्यामुळे बनियनचं ‘वेस्ट’ आणि पश्चिमेचं ‘वेस्ट’ एकच होऊन बसतात. शिवाय आघात कुठे द्यायचा ते बहुधा दिलेलंच नसतं. रेकॉर्ड नाम असताना जोर पहिल्या भागावर, क्रियापद असताना दुसऱ्यावर. आंतरराष्ट्रीय उच्चारचिन्हांत त्या भागाआधी वर एक छोटी उभी रेघ असते. ती रेघ ओळखायला शिका, बाकीची चिन्हं सावकाश आली तरी चालतील.

५. छापील की ऑनलाइन

ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन या तिघांच्याही लर्नर्स डिक्शनऱ्या इंटरनेटवर फुकट वापरता येतात, उच्चार ऐकूही येतो. मात्र मॅकमिलनची उत्तम साइट २०२३ साली बंद झाली, म्हणून घरात एक छापील प्रत असावीच. नवी आवृत्ती हवी असा हट्ट नको. क्रियापदांचे साचे दहा-पंधरा वर्षांत बदलत नाहीत. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास किंवा तुमच्या गावातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात वापरलेली प्रत शोधा. फक्त पदपथावरची चोरटी छपाई टाळा. पान उजेडात धरून उच्चारचिन्हं बघा: ती पुसट किंवा चिकटलेली असतील, तर आघाताची रेघ दिसणारच नाही.