विमान कंपनीने पॉइंटचे नियम बदलले, आता जमवलेल्या पॉइंटांचं काय करायचं?

‘आमची सदस्य योजना आता आणखी आकर्षक’ असा ई-मेल विमान कंपनीकडून आला की बारीक अक्षरं आधी वाचावीत. सदस्य योजना म्हणजे प्रवास केला की पॉइंट मिळतात आणि ते वापरून पुढचं तिकीट काढता येतं. अशा वेळी ‘सगळे पॉइंट लगेच संपवा’ हा सल्ला हमखास फिरतो. तो निम्म्या वेळा चुकीचा असतो.

बदल नेमका कशात आहे ते पाहा. एअर इंडियाने एप्रिल 2024 मध्ये पॉइंट तिकिटावरच्या खर्चानुसार द्यायला सुरुवात केली. डेल्टा आणि युनायटेडने हेच 2015 मध्ये केलं होतं. असा बदल पुढच्या कमाईला लागतो. तेवढाच बदल असेल, तर साठवलेल्या पॉइंटांना घाई नाही. सिंगापूर एअरलाइन्सने जुलै 2022 मध्ये पॉइंटवर मिळणाऱ्या तिकिटांचेच दर वाढवले, तसं काही असेल तर मात्र हालचाल करायची.

मग हिशेब. तिकिटाच्या रोख भाड्यातून पॉइंट-तिकिटावर भरावे लागणारे कर वजा करा आणि पॉइंटांनी भागा. समजा, भाडं 24,000 रुपये, कर 3,000 आणि पॉइंट 30,000. म्हणजे एका पॉइंटला 70 पैसे. नव्या दराने काढून पाहा. फरक किरकोळ असेल तर नको असलेला प्रवास ठरवू नका.

खरी गोची होते ती क्रेडिट कार्डाचे पॉइंट विमान कंपनीकडे वळवताना. आधी सीट शोधा, मग पॉइंट वळवा. उलट क्रम कधीही नको. एकदा वळवलेले पॉइंट बँकेकडे परत येत नाहीत, आणि पॉइंटवर मिळणाऱ्या सीट मोजक्याच असतात. शिवाय बँकेतले पॉइंट अनेक कंपन्यांकडे नेता येतात, वळवल्यावर एकाच कंपनीचे होतात आणि त्या कंपनीची मुदतही लागू होते. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर या सदस्य योजनेत ती तीन वर्षांची आहे.

दुसरं म्हणजे वेळ. काही ठिकाणी पॉइंट मिनिटांत जमा होतात, काही ठिकाणी कित्येक दिवस जातात. शेवटच्या आठवड्यावर ठेवलंत तर सीट डोळ्यांसमोर असूनही हातात पॉइंट नसतील. बँक एका वेळी किमान किती पॉइंट वळवू देते, कितीच्या पटीत आणि वर्षाला जास्तीत जास्त किती, हेही आधीच तपासा.

तिसरं आपल्याकडे हटकून नडतं: नाव. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असतं, कार्डावर नुसतं आद्याक्षर, आणि विमान कंपनीच्या खात्यात तेही नाही. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर आणखी घोळ. नावं जुळली नाहीत की पॉइंट अडकू शकतात. विमान खात्यातलं नाव पासपोर्टप्रमाणे असावं आणि कार्डावरचं त्याच्याशी जुळावं. दुरुस्तीला कागदपत्रं लागतात, त्यामुळे हे काम बदलाची घोषणा होताच उरकायचं.

तारीख वाचताना घड्याळही बघा. जुना दर सहसा तिकीट काढल्याच्या तारखेवर ठरतो, प्रवासाच्या नाही. म्हणजे पुढच्या वर्षीचा प्रवासही जुन्या दराने बसू शकतो. पण मध्यरात्र कंपनीच्या देशातली धरलेली असेल, तर सिंगापूरमध्ये बारा वाजतात तेव्हा मुंबईत रात्रीचे साडेनऊच झालेले असतात. वेटिंगवरच्या तिकिटाला जुना दर मिळेलच, असंही गृहीत धरू नका.

तिकीट निघालं की पीएनआर आणि ई-तिकीट क्रमांक दोन्ही आलेत का पाहा; नुसत्या पीएनआरवर निर्धास्त राहू नका. आणि प्रवासाची तारीख पक्की करूनच तिकीट काढा. नवा दर लागू झाल्यावर तारीख बदलली, तर बहुतेक ठिकाणी वरचा फरक नव्या दराने भरावा लागतो, बदलाचं शुल्क वेगळंच.