अश्मीभूत लाकडावरून प्राचीन अरण्य वाचताना या चुका टाळा

खानदेशात अश्मीभूत, म्हणजे दगड झालेले, लाकूड शोधणाऱ्याची पहिली फसगत बहुधा डाइक करतात. धुळे-नंदुरबार भागात भेगांत थिजलेल्या लाव्हाच्या या भिंती दूरवर पसरल्या असून, थंड होताना त्या आडव्या खांबांत तडकल्यामुळे वखारीत रचलेल्या ओंडक्यांसारख्या दिसतात. खांबाला पाच-सहा सपाट बाजू असतील आणि ताज्या तुकड्यात काळा, बारीक कणांचा दगड दिसला, तर तो बेसॉल्टच होय. अकीक या चकचकीत, कठीण दगडातील झाडासारखी काळी नक्षीही वनस्पती नसते. ती मॅंगनीजच्या ऑक्साइडची करामत आहे.

चाकूने ओरखडा उठत नाही म्हणून ते जीवाश्मच, हा निष्कर्षही टिकत नाही, कारण अकीकही तितकाच कठीण असतो. खरा पुरावा पेशींच्या रचनेत असतो. सिलिकायुक्त पाणी लाकडात झिरपून पेशींचे साचे जपले जातात, आणि आडव्या व दोन उभ्या दिशांनी कापलेल्या, सुमारे ०.०३ मिलिमीटर जाडीच्या चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच झाडाचे कूळ ठरवता येते.

वर्षवलये नाहीत म्हणून नमुना फेकून देणे ही तर मोठीच चूक आहे. नाल्याकाठची शिंदी तोडलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ठाऊक असेल की तिच्या बुंध्यात वलयांऐवजी विखुरलेले ठिपके दिसतात. मध्य प्रदेशातील घुघुवा येथील सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्म ताडवर्गीय खोडांतही तेच दिसतात. शिवाय सदैव उष्ण-दमट हवेत वाढणाऱ्या इतर वृक्षांतही वलये अस्पष्ट राहतात, म्हणून त्यांचा अभाव हीच हवामानाची एक खूण ठरू शकते. मात्र ती आजच्या अक्षांशावर बसवू नये. त्या काळी भारतीय भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता.

एका खोडावरून संपूर्ण अरण्य उभे करण्याचा मोहही आवरावा. मुळांसह उभे खोड तेथेच वाढलेले असते; आडवा, साल गेलेला ओंडका नदीने लांबून आणलेला असू शकतो. तापीच्या पात्रातील सुट्या गोट्याबाबत तर मूळ थरच हरवलेला असतो, म्हणून नमुना उचलण्यापूर्वी जागा, थर आणि खोडाची दिशा नोंदवावी. वय काढण्यासाठी कार्बन-१४ कडे, म्हणजे किरणोत्सारी कार्बन मोजण्याच्या पद्धतीकडे, वळू नये. त्याची मर्यादा सुमारे ५०,००० वर्षे आहे, तेव्हा वय वरच्या-खालच्या लाव्हाथरांवरूनच काढावे लागते.