व्होल्टेज आणि करंटवरून रोध व शक्ती काढताना या चुका टाळा

जर्मन शास्त्रज्ञ ओहम यांनी १८२७ साली मांडलेला नियम आज शाळकरी विद्यार्थ्यालाही पाठ असतो. व्होल्टेजला करंटने भागले की रोध मिळतो आणि दोन्हींचा गुणाकार केला की शक्ती वॅटमध्ये मिळते. तरीही सोलापुरात अक्कलकोट रोडवरील यंत्रमागाच्या कारखान्यांपासून मोहोळ-बार्शीकडच्या शेतपंपांपर्यंत ही गणिते वारंवार चुकतात. भागाकार चुकल्यामुळे असे क्वचितच होते. बहुतेक वेळा सूत्रात घातलेले दोन आकडे एकमेकांचे नसतात, म्हणजे व्होल्टेज एका ठिकाणचे असते आणि करंट दुसऱ्या भागातला, किंवा दोन्ही वेगवेगळ्या वेळी मोजलेले असतात.

शेतपंपाचेच उदाहरण घेऊ. मीटरच्या खोलीपासून विहिरीपर्यंत १०० मीटर अंतर आहे, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल टाकली आहे आणि सिंगल फेज मोटर १० अँपिअर करंट घेत आहे, असे समजू. या केबलच्या एका तारेचा रोध सुमारे ०.७५ ओहम असतो आणि करंट जाऊन परत येत असल्याने हिशेबात १.५ ओहम धरावा लागतो. म्हणजे वाटेतच सुमारे १५ व्होल्ट कमी होतात आणि १५० वॅट शक्ती केबल तापवण्यात खर्च होते. मीटरजवळ मोजलेले २३० व्होल्ट घेऊन मोटरची शक्ती काढणारा मनुष्य केबलचा वाटाही नकळत मोटरच्या नावावर लिहितो. मोटर बंद असताना व्होल्टेज मोजून ठेवणे ही याच जातीची चूक आहे, कारण करंट वाहत नसताना केबलमध्ये घट होतच नाही. व्होल्टेज मोटरच्या टर्मिनलवर आणि मोटर भारावर चालू असतानाच मोजले पाहिजे.

उपकरणाच्या पाटीवरचे वॅट कायमचे आहेत असे गृहीत धरणे ही दुसरी चूक आहे. २३० व्होल्टवर २००० वॅटच्या गिझरचा रोध २३०चा वर्ग भागिले २०००, म्हणजे २६.४५ ओहम येतो. व्होल्टेज २०० झाले तर अनेक जण २००० भागिले २०० असे करून करंट १० अँपिअर काढतात. प्रत्यक्षात रोध जवळपास तोच राहतो, म्हणून करंट ७.५६ अँपिअरपर्यंत घटतो, शक्ती सुमारे १५१२ वॅट उरते आणि पाणी तापायला जवळजवळ एक-तृतीयांश जास्त वेळ लागतो. भार ओढणाऱ्या मोटरचे वर्तन मात्र उलट असते. पंपाला किंवा मागाला लागणारे काम फारसे कमी होत नाही, त्यामुळे व्होल्टेज घसरले की मोटर अधिक करंट घेते आणि वाइंडिंगमधील (मोटरच्या आतल्या तारेच्या वेटोळ्यातील) उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कमी व्होल्टेजवर मोटरी जळण्यामागचे हे प्रमुख कारण आहे, आणि गिझरचा हिशेब मोटरला लावणाऱ्याला ते कधीच दिसत नाही.

मोटरबाबत याहून मोठा घोटाळा मल्टीमीटरमुळे होतो. वाइंडिंगचा रोध १० ओहम दिसला म्हणून ४१५ भागिले १० करून ४१.५ अँपिअर करंट काढणे निरर्थक आहे. एसी प्रवाहात वाइंडिंगचा प्रेरकीय विरोधही (बदलत्या करंटला वेटोळे करते तो विरोध) असतो आणि फिरती मोटर उलट व्होल्टेज निर्माण करते. मल्टीमीटरला यांपैकी काहीच दिसत नाही. थ्री फेज मोटरची शक्ती काढताना १.७३२ (३ चे वर्गमूळ), लाइन व्होल्टेज (दोन फेजमधले), लाइन करंट (एका फेजच्या तारेतला) आणि पॉवर फॅक्टर (व्होल्टेज-करंटच्या गुणाकारातला प्रत्यक्ष शक्तीचा वाटा) या चौघांचा गुणाकार करावा. मागाची १ एचपी मोटर ४१५ व्होल्टवर १.८ अँपिअर घेत असेल आणि पॉवर फॅक्टर ०.७५ असेल, तर शक्ती सुमारे ९७० वॅट येते. पाटीवरची १ एचपी म्हणजे ७४६ वॅट ही शाफ्टवर मिळणारी शक्ती आहे. उरलेला फरक मोटरमधील नुकसानाचा असतो. मागात आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या प्रत्येक फेरीबरोबर करंट खालीवर होतो, म्हणून एकच क्षणिक आकडा न घेता सरासरी घ्यावी. सुरू होतानाचा करंट तर नेहमीच्या कित्येक पट असतो, तो या हिशेबात मुळीच घेऊ नये.

तापमानाकडे दुर्लक्ष केले तरी आकडे फसवतात. ६० वॅटचा जुना तंतूचा दिवा जळत असताना त्याचा रोध सुमारे ८८२ ओहम असतो, पण थंड असताना मल्टीमीटर त्याच्या दहाव्या भागाहूनही कमी दाखवतो. त्या थंड रोधावरून शक्ती काढली तर ८०० वॅटच्या आसपासचे अशक्य उत्तर येते. तांब्याचा रोध प्रत्येक अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४० अंशांपुढे गेलेला असताना दिवसभर चाललेल्या मोटरचा रोध पहाटेच्या थंड मोटरपेक्षा बराच जास्त भरेल, आणि तेवढ्यावरून वाइंडिंग बिघडले असे ठरवणे अन्यायाचे होईल.

मोजणीच्या चुका थोडक्यात सांगता येतात. तारेभोवती अडकवून करंट मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा एकत्र धरल्या तर वाचन शून्याजवळ येते. एकच तार धरावी. २० मिलिअँपिअर म्हणजे ०.०२ अँपिअर, हे न बदलता भागाकार केला की रोध हजारपटीने चुकतो. ओहमच्या रेंजवर मीटर ठेवून चालू सर्किटला हात लावणे जिवावर बेतू शकते, म्हणून आधी पुरवठा तोडावा, कपॅसिटर रिकामा करावा आणि मोजायच्या भागाचे एक टोक सोडवावे. एक-दोन ओहमचे छोटे रोध मोजताना प्रोब एकमेकांना टेकवून येणारे वाचन उत्तरातून वजा करावे.